नागपुरात मुक्काम करायचा तर कोणत्या एरियात? आधी हे वाचा

नागपूरला येणारे पाहुणे फोनवर हमखास एकच विचारतात, स्टेशनजवळ चांगलं हॉटेल सांगा. माझं म्हणणं असं की स्टेशन सध्या बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला कुठे पोचायचंय ते आधी सांगा, आणि ते ठिकाण रेल्वेच्या रुळांच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा. कारण हे रूळ शहराला उभं कापतात. पश्चिमेला सिव्हिल लाईन्स, धरमपेठ, रामदासपेठ, धंतोली, आणि पूर्वेला इतवारी, गांधीबाग, महाल, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचा भाग), नंदनवन. मधे ओलांडायला लोहापूल, आनंद टॉकीजचा पूल, अजनीचा पूल असे मोजकेच रस्ते, आणि ऑफिसच्या टाइमला तिथं सगळं शहर येऊन राहते. नकाशावर दोन किलोमीटर दिसते, ऑटोत बसल्यावर वेळ कळतो.

दुसरी गोष्ट मेट्रो. दोनच लाईन आहेत, एक कामठी रोडच्या ऑटोमोटिव्ह चौकापासून वर्धा रोडनं खापरीपर्यंत, दुसरी प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, आणि दोन्ही बर्डीला म्हणजे सीताबर्डीला भेटतात. म्हणून ज्याची कामं चार दिशांना आहेत त्यानं सरळ बर्डी नाहीतर झाशी राणी चौक, काँग्रेस नगर, झिरो माईल असं मेट्रो स्टेशन पायी गाठता येईल तिथं राहावं. बर्डीच्या मेन रोडवर मात्र खोली रस्त्याच्या बाजूची घेऊ नका, गर्दीचा आवाज रात्रीपर्यंत चालतो. आणि मेट्रो साधारण सकाळी 6 ते रात्री 10, त्यामुळे पहाटेची किंवा रात्री उशिराची गाडी असेल तर तेवढ्या एका रात्रीसाठी स्टेशनजवळ राहणं बरोबर आहे. स्टेशनातून मेट्रो पकडायची तर संत्रा मार्केटच्या बाजूनं बाहेर पडा, बरेच जण पश्चिमेकडून निघतात अन् मग ऑटोवाल्याशी घासाघीस करत बसतात.

दवाखान्यासाठी येणाऱ्यांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण विदर्भातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून कितीतरी लोक त्यासाठीच येतात आणि सगळ्यात जास्त पायपीट त्यांचीच होते. मेयो, म्हणजे इंदिरा गांधी सरकारी दवाखाना असेल तर सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू, स्टेशनही जवळ. मेडिकल किंवा सुपर स्पेशालिटी असेल तर मेडिकल चौक, हनुमान नगर याच भागात खोली बघा, तिथं मेट्रो नाही, उगाच धरमपेठेत राहून रोज पूल ओलांडू नका. प्रायव्हेट दवाखाने बहुतेक धंतोली-रामदासपेठेत आहेत. एम्स मिहानमध्ये, म्हणजे पार शहराबाहेर, आणि जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल त्याच्याही पुढे, त्यामुळे वर्धा रोडवर चिंचभवन, खापरीकडे राहिलात तरच सोय. पेशंटसोबत आठ-दहा दिवस थांबायचं असेल तर चांगल्या हॉटेलपेक्षा साधी पण स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्या, नाहीतर जवळ डबा कुठं मिळतो ते आधी विचारा. पेशंटला वरण-भात वेळेवर मिळणं टीव्ही-बीव्हीपेक्षा हजारपट महत्त्वाचं.

फिरायला येत असाल, घरचे सोबत असतील, तर मी धरमपेठ-गोकुळपेठ सांगीन. संध्याकाळी पायी निघता येते, खायला भरपूर, अंबाझरी आणि फुटाळा जवळ, मेट्रोही आहे. सावजी, म्हणजे नागपूरचं झणझणीत जेवण, मनापासून खायचं आणि जुनं नागपूर बघायचं तर मग महाल-गांधीबाग, गल्ल्या अरुंद आहेत, स्वतःची कार आणत असाल तर पार्किंग आधी विचारा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा या भागात गाडी हलत नाही, पण ती बघायलाच येत असाल तर याहून चांगली जागा नाही. पेंच किंवा रामटेकला जाणाऱ्यांनी सदर किंवा कामठी रोडकडे राहावं, सकाळी शहर पार करावं लागत नाही. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटची मॅच असेल तर वर्धा रोड, यात विचार करण्यासारखं काही नाही.

तारखा नक्की बघा. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा लक्ष्मीनगर, रहाटे कॉलनी, रामदासपेठ या बाजूला खोली मिळणं कठीण, दर्शनालाच येत असाल तर खूप आधी बुक करा आणि पायी चालायची तयारी ठेवा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते, सिव्हिल लाईन्स, सदर भरून जाते, मोर्चे यशवंत स्टेडियमवरून निघतात म्हणून धंतोली-बर्डी दुपारी ठप्प. त्या दिवसांत दुसरं काम असेल तर छत्रपती चौक, जयप्रकाश नगर बघा, मेट्रोनं बर्डी गाठता येते.

आता मोसमाचं. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सगळ्यात वरच्या मजल्याची खोली घेऊ नका, स्लॅब रात्रभर तापलेला राहते. कूलर चालतो, पण पाणी कोण भरते आणि किती वेळा भरते ते विचारून घ्या. पावसाळ्यात याच्या उलट, तळमजला टाळा, निदान अंबाझरी लेआऊट आणि नाग नदीच्या काठच्या भागात तरी, सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा तिथं घराघरांत पाणी शिरलं होतं. नरेंद्र नगरच्या पुलाखालीही जोराच्या पावसात पाणी साचते, त्यामुळे त्या बाजूला राहून सकाळची फ्लाईट पकडायची असेल तर खोलीवरून लवकर निघा.

बुकिंग करताना हॉटेलवाल्याला "स्टेशनपासून किती दूर" असं विचारू नका, तो "हे काय, पाच मिनिटं" म्हणतेच. जवळचा चौक कोणता आणि जवळचं मेट्रो स्टेशन कोणतं ते विचारा, मग तो चौक नकाशावर टाकून आपल्या कामाच्या ठिकाणापर्यंतचा रस्ता सकाळी दहाच्या टाइमला किती दाखवते ते बघा, आणि त्यानंतरच पैसे पाठवा.