गोल्डफिश उलटा तरंगतोय? औषधाची बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

सकाळी टाकीचा दिवा लावावा आणि गुबगुबीत ओरांडा जातीचा गोल्डफिश पोट वर करून पाण्यावर पडलेला दिसावा. मेला असं समजून जाळी घालायला जावं तर तो वळवळतो, जिवाच्या आकांताने खाली सूर मारतो आणि बुचासारखा परत वर येतो. गोल्डफिश पाळणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. मग दुकानात धाव घ्यायची. दुकानदार फोटो बघून म्हणतो, ‘स्विम ब्लॅडर झालाय, ही बाटली घाला.’

आता, स्विम ब्लॅडर ‘होत’ नाही. तो माशाचा अवयव आहे, मराठीत वाताशय. हवा भरलेली ही पिशवी असते म्हणून मासा पर न मारताही पाण्यात मध्यावर थांबू शकतो. गोल्डफिशमध्ये ती दोन कप्प्यांची असते आणि एका बारीक नळीने अन्ननलिकेला जोडलेली असते. तिच्यावर दाब आला, ती फुगली किंवा तिला संसर्ग झाला की माशाचा तोल जातो. म्हणजे तोल जाणं हे तापासारखं लक्षण आहे. बद्धकोष्ठ, घाण पाणी, थंडी, जंतुसंसर्ग, मादीच्या पोटात अडकलेली अंडी, आतली गाठ, यांपैकी काहीही असू शकतं. त्यामुळे ‘स्विम ब्लॅडरचं औषध’ मागणं हीच पहिली चूक.

नीट न बघता उपचार सुरू करणं

मासा वर येऊन तोंड उघड-मिट करतोय पण सरळ पोहतोय, तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे. हवेचा पंप तपासा. पोट फुगलंय आणि वरून पाहिल्यावर खवले अननसासारखे उभे राहिलेले दिसतात, तर तो जलोदर आहे, म्हणजे अंगात पाणी साठलंय. तिथे बद्धकोष्ठावरचे मटार आणि उपास काही करणार नाहीत. खवले बसलेले, पोट जरा टम्म, विष्ठेची दोरी लोंबतेय किंवा विष्ठाच नाही, आणि खाल्ल्यावर त्रास वाढतोय, तर बद्धकोष्ठाचा संशय घ्यायला हरकत नाही.

यानंतर पाणी तपासा. किट महाग वाटतं हे मान्य, पण चार बाटल्यांच्या औषधापेक्षा स्वस्त पडतं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट 40 पीपीएमच्या आत. आकडे वाईट आले की घाबरून अख्खी टाकी उपसून, वाळू धुऊन, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून काढतात. असं करू नका. स्पंजातले उपयोगी जिवाणू नळाच्या क्लोरीनने मरतात आणि चार दिवसांत अमोनिया आणखी चढतो. रोज पंचवीस-तीस टक्के पाणी बदला, अँटी-क्लोरीन घालून, टाकीइतक्याच तापमानाचं. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात.

खाऊ घालणारे हात किती?

माझ्या मते सगळ्यात जास्त गोल्डफिश इथे बिघडतात. गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे थोडं थोडं चरत राहणं हाच त्याचा स्वभाव. काचेपाशी माणूस दिसला की तो शेपूट हलवत येणारच. ती भूक नाही, सवय आहे. आमच्या घरी मी ऑफिसला निघताना दाणे टाकत होतो, आई पूजा झाल्यावर, आणि मुलगी शाळेतून आल्यावर. प्रत्येकाला वाटत होतं, याला आपण एकटेच खायला घालतो. मासा आडवा झाला तेव्हा हिशेब लागला.

शेवटी आईच्या गोळ्यांची रिकामी डबी कामाला आली, सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेली. रविवारी रात्री भरायची, त्या दिवशीचा कप्पा रिकामा म्हणजे खाणं झालं. गुरुवारचा कप्पा मुद्दाम रिकामाच ठेवतो. आईचाही उपास त्याच दिवशी असतो.

दाणे तरंगणारे असतील तर मासा वरून खाताना हवाही गिळतो. बुडणारे दाणे घ्या, आणि टाकीच्याच पाण्यात मिनिटभर भिजवून द्या. पुण्या-नाशिककडच्या थंडीत टाकीचं पाणी गार पडतं, माशाचं पचन मंदावतं, पण आपण उन्हाळ्याइतकंच घालत राहतो. डिसेंबरमध्ये हात आखडता घ्या. मात्र पाणी ऊबदार करायला गरम पाण्याचं पातेलं ओतू नका. हीटर लावून तापमान हळूहळू चढवा.

बद्धकोष्ठ वाटत असेल तर मोठ्या माशाला दोन-तीन दिवस काहीही देऊ नका. मरत नाही तो. मग एक मटारचा दाणा उकडून, साल काढून, बारीक तुकडे करून द्या. मीठ नको, आणि पांढरा वाटाणा तर नकोच. मटारात जादू नाही, फक्त चोथा आहे. पाच-सहा दिवसांत फरक नाही पडला तर कारण वेगळं आहे, मटार थांबवा. आणि फायटरला, म्हणजे बेट्टाला मटार देऊ नका, तो मांसाहारी आहे. त्याला उपासानंतर डाफ्निया किंवा मोइना हे पाण्यातले बारीक जीव द्या. बऱ्याचदा त्याचं खरं दुखणं हीटर नसलेला बाऊल हेच असतं. त्याला 24 ते 28 अंश लागतात.

सैंधव म्हणजे एप्सम सॉल्ट नव्हे

इंटरनेटवर ‘एप्सम सॉल्ट घाला’ असं लिहिलेलं असतं, भाषांतरात त्याचं सैंधव होतं, आणि लोक उपासाचं मीठ टाकीत ओततात. सैंधव हे सोडियम क्लोराइड, आपल्या साध्या मिठाचंच भावंड. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जे आतडी सैल करतं आणि पोटाची सूज उतरवायला मदत करतं. औषधाच्या दुकानात ते मिळतं. नर्सरीत गुलाबासाठी ठेवतात ती पिशवी मात्र माशासाठी वापरू नका, तिच्यात आणखी काय मिसळलंय ते आपल्याला दिसत नाही.

मासा वेगळ्या टबात काढा. 20 लिटर पाण्याला चहाच्या चमच्याचा आठवा भाग एप्सम सॉल्ट, आधी मगभर पाण्यात विरघळवून, मग हळूहळू घाला. पाणी उडतं, मीठ उडत नाही. त्यामुळे आटलेलं पाणी भरताना पुन्हा मीठ घालायचं नाही, बदललेल्या पाण्यापुरतंच घालायचं. टबात हवेचा दगड, म्हणजे पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा तुकडा हवा, पण फिल्टरचा झोत मंद. तोल गेलेल्या माशाला प्रवाह रात्रभर फरफटवतो. जो मासा तळाला बसून वर येऊ शकत नाही, त्याच्यासाठी पाण्याची पातळीही कमी ठेवा.

निळी बाटली, पिवळी कॅप्सूल, सुई

मिथिलीन ब्लू बुरशीवर आणि काही परजीवींवर चालतं. पोट फुगलेल्या माशाला त्याचा उपयोग नाही, उलट फिल्टरचे जिवाणू मात्र मारतं. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल अंदाजाने फोडून टाकणंही तसंच. संसर्गाची खूण असेल, म्हणजे परांच्या बुडाशी लाली, खाणं बंद, अंग चोरून बसणं, तर मासे बघणारा पशुवैद्य शोधा. तो एक्स-रे काढून वाताशय कुठे सरकलंय हे दाखवू शकतो. व्हिडिओत बघून घरीच सिरिंजने हवा काढायचा प्रयत्न कुणी करत असेल तर त्याचा हात धरा. ते पशुवैद्याचंच काम.

जो बरा होणारच नाही

ओरांडा, रियुकिन, रांचू, पर्लस्केल हे गोल गरगरीत मासे माणसानेच असे घडवले आहेत. आखूड धडात आतडी आणि वाताशय दाटीवाटीने बसतात, कधी वाताशयाचा मागचा कप्पा नीट वाढतच नाही. अशा माशाचा तोल कायमचा कलता राहू शकतो. म्हणून तो लगेच मरतो असं नाही. आमचा ओरांडा अजूनही जेवण झालं की तासभर नाकावर उभा राहतो. अशा माशाला बुडणारे दाणे चिमट्याने तोंडापाशी द्यावे लागतात. अंगाचा जो भाग पाण्याबाहेर राहतो तो सुकून लाल होतो आणि तिथे जखम पडते, म्हणून रोज एक नजर टाकावी. कंटाळा आला म्हणून गावच्या विहिरीत किंवा तलावात सोडू नका. तिथे तो एकतर तडफडून मरेल, नाहीतर जगला-वाढला तर आधीपासून राहणाऱ्या माशांचं खाणं खाईल.