दुधाच्या काट्यावर ‘डेटाबेस इज लॉक्ड’ आला तर

आमच्या गावच्या दूध संस्थेत टेबलावर एक छोटा लिनक्स संगणक आहे. काटा आणि फॅट मशीन त्याला जोडलेलं, आणि सगळ्या नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये. त्या फाइलला हात लावणारे तीन प्रोग्रॅम मीच लिहिलेत: एक वजन नोंदवतो, दुसरा पावती छापतो, तिसरा नोंदी वरच्या कार्यालयाला पाठवतो. सकाळी किटल्यांची रांग लागली की नेमका ‘डेटाबेस इज लॉक्ड’ हा एरर यायचा, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने फाइलला कुलूप (लॉक) लावलेलं असायचं, आणि सचिव वही काढायचे. दहा दिवसांच्या बिलात एखाद्याचं एका वेळचं दूध गळलं तर ते त्या घरचं नुकसान. म्हणून हे मुळापासून शिकले.

एरर आला की कोड उघडू नका. आधी कुलूप कुणाच्या हातात आहे ते बघा. लिनक्सवर ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये ‘लॉक्स’ नावाची फाइल असते, ती वाचा. तिच्या प्रत्येक ओळीत प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) नंबर, फाइलचा आयनोड (डिस्कवरचा तिचा ओळख क्रमांक) आणि कुठल्या बाइटपासून कुठल्या बाइटपर्यंत लॉक आहे ते असतं. आपल्या फाइलचा आयनोड ‘एलएस’ला ‘आय’ हा पर्याय दिला की कळतो.

एसक्यूलाइट कुलूप लावतं ते फाइलमध्ये एक जीबी अंतरावरच्या ठरलेल्या बाइटना, मग फाइल चार एमबीची का असेना. १०७३७४१८२४ हा बाइट पेंडिंग, त्यापुढचा १०७३७४१८२५ रिझर्व्ह्ड, आणि १०७३७४१८२६ पासून ५१० बाइट शेअर्ड. वाचणारा त्या ५१० बाइटवर रीड लॉक घेतो. लिहिणारा आधी रिझर्व्ह्ड घेतो, तोवर इतरांचं वाचन चालू राहतं. मग तो पेंडिंग घेतो, म्हणजे नव्या वाचकाला दार बंद. आतले सगळे बाहेर पडले की ५१० बाइटवर राइट लॉक, आणि तेव्हाच फाइल बदलते.

माझ्याकडे पावतीच्या प्रोग्रॅमची रीड लॉकची ओळ मिनिटभर हलत नव्हती. पहिली पावती छापून मी कर्सर (नोंदी एकेक करून वाचण्याचा धागा) तसाच उघडा ठेवला होता. काट्याचा प्रोग्रॅम पेंडिंगवर उभा, आणि त्याच्यामुळे बाकीचेही अडकलेले. वाचून झालं की कर्सर बंद करा, आणि प्रिंटर चालू असताना ट्रॅन्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणारं वाचन-लेखनाचं काम) उघडं ठेवू नका. निम्मा त्रास इथेच संपतो.

उरलेल्यासाठी तीन गोष्टी करा. जर्नल मोड ‘वाल’ करा, म्हणजे बदल आधी शेजारच्या ‘वाल’ फाइलमध्ये लिहिले जातात. २०१० पासून ही सोय आहे आणि एकदा केली की फाइलमध्ये टिकते. आता वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत. लिहिणारा मात्र एका वेळी एकच. ‘बिझी टाइमआउट’, म्हणजे कुलूप सुटायची वाट किती वेळ बघायची तो आकडा, ५००० मिलिसेकंद ठेवा. हे प्रत्येक कनेक्शनला नव्याने सांगावं लागतं. आणि जिथे लिहायचंच आहे तिथे ट्रॅन्झॅक्शन ‘बिगिन इमिजिएट’ने सुरू करा, ते लिहिण्याचं कुलूप सुरुवातीलाच घेतं. साध्या ‘बिगिन’ने आधी वाचलं आणि मध्येच लिहायला गेलात, तर तेवढ्यात दुसऱ्याने लिहिलेलं असलं की टाइमआउट कितीही असो, एसक्यूलाइट न थांबता ताबडतोब नकार देतं. थांबून उपयोगच नसतो, तुमचं वाचलेलं शिळं झालेलं असतं. वाल मोडमध्ये लिहिणाऱ्याचं कुलूप शोधायचं तर ‘एसएचएम’ने संपणाऱ्या फाइलचा (वाल मोडमध्ये प्रोसेसनी मिळून वापरायच्या मेमरीची ही फाइल) आयनोड घ्या आणि १२० क्रमांकाचा बाइट बघा.

आता ज्याने माझी झोप उडवली ते. नोंदी पाठवणारा प्रोग्रॅम पाठवण्याआधी डेटाबेसची फाइल साधी फाइल म्हणून उघडायचा, चेकसम (मजकूर तोच आहे ना हे ताडायचा आकडा) काढायचा आणि बंद करायचा. दिसायला निरुपद्रवी. पण युनिक्समधली ही कुलुपं प्रोसेसच्या नावावर असतात, फाइल उघडल्यावर मिळणाऱ्या हँडलच्या नाही. त्याच प्रोसेसने त्या फाइलचं कुठलंही एक हँडल बंद केलं की तिची त्या फाइलवरची सगळी कुलुपं सुटतात, एसक्यूलाइटने घेतलेलीसुद्धा. एसक्यूलाइटला ते कळत नाही. ते आपल्याकडे कुलूप आहे असं समजून लिहीत राहतं. एका संध्याकाळी फाइल ‘मालफॉर्म्ड’ झाली, म्हणजे बिघडली, आणि आम्ही तीन दिवसांच्या नोंदी पावत्यांवरून परत भरल्या. त्या वेळी म्हाताऱ्या माणसांनी पिशव्यांतून जपून ठेवलेल्या पावत्या आणून दिल्या, ते मी विसरणार नाही. तेव्हा चालू डेटाबेसला त्याच प्रोग्रॅममधून कच्चा हात लावू नका. फोर्क केल्यावर (एका प्रोसेसमधून दुसरी, ‘मुलाची’ प्रोसेस काढल्यावर) जुनं कनेक्शन मुलाच्या प्रोसेसमध्ये वापरू नका. प्रत हवी तर एसक्यूलाइटची ‘व्हॅक्यूम इंटू’ ही आज्ञा वापरा, २०१९ पासून आहे. नुसती मुख्य फाइल कॉपी केलीत तर ‘वाल’ फाइलमध्ये राहिलेलं सकाळचं दूध मागेच राहील.

मेमरी मॅपिंगचं, म्हणजे फाइल थेट मेमरीचा भाग असल्यासारखी वापरण्याचं काय? दोन वेगळ्या जागा आहेत. ‘एसएचएम’ फाइल वाल मोडमध्ये सगळ्या प्रोसेसना मिळून मॅप करावीच लागते, आणि ती एकाच यंत्राच्या मेमरीत हवी. म्हणून नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये वाल ठेवू नका. दोन यंत्रांना एकमेकांचं दिसणार नाही.

मुख्य फाइल मॅप करणं ऐच्छिक आहे, ‘एममॅप साइझ’ने, २०१३ पासून. फाइलचं पान (तुकडा) कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, आपल्या मेमरीत कॉपी करण्याचा फेरा वाचतो, म्हणून मोठी वाचनं हलकी होतात. लिहिणं मात्र नेहमीच्याच वाटेने होतं. टेबलावरच्या संगणकात मी हा आकडा शून्य ठेवला आहे. तिथे मेमरी कार्ड आहे, आणि कार्डाने वाचताना दगा दिला तर साध्या वाचनात एरर हातात येतो, तो पकडून सचिवांना ‘वही काढा’ असं दाखवता येतं. मॅप केलेल्या पानावर तेच घडलं तर सिगबस हा सिस्टिमचा इशारा येतो आणि प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो. बिलं काढायच्या संगणकावर, प्रतीवर काम चालतं तिथे, २६८४३५४५६ बाइट म्हणजे २५६ एमबी ठेवलेत. आकडा दिल्यावर प्रॅग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग बदलायची आज्ञा) काय परत देतो ते वाचा; खरा लागू झालेला आकडा तोच.

हे सगळं झाल्यावर रांग नसताना तपासून घ्या. एका टर्मिनलवर ‘बिगिन इमिजिएट’ देऊन तसंच सोडा आणि काट्यावर पाण्याची किटली ठेवा. पाच सेकंद थांबून एरर आला पाहिजे. मग पुन्हा ठेवा, आणि यावेळी तिसऱ्या सेकंदाला ‘कमिट’ करा: वजन नोंदलं गेलं पाहिजे.