एखादा आकार पॉलिहेड्रॉन आहे का, ते घरातल्या वस्तूंवर कसं तपासायचं

शेजारची सातवीतली पोरगी परवा हटूनच बसली, आपला नाशिक ढोल पॉलिहेड्रॉन, म्हणजे सपाट बाजूंचा घन आकार, का नाही, दोन्हीकडची पानं सपाट आहेत ना. प्रश्न एकदम रास्त आहे. पण दोन बाजू सपाट असून भागत नाही, सगळ्याच सपाट पाहिजेत आणि प्रत्येक बाजू सरळ रेघांनीच बंद झालेली पाहिजे, म्हणजे त्रिकोण, चौकोन, षटकोन असं काहीतरी. ढोलाचं पान गोल, मधलं पिंप वळलेलं, म्हणून ढोल बाद.

तपासायला साधी पट्टी घ्या आणि पृष्ठावर उभी, आडवी, तिरकी फिरवा, खाली कुठेच फट दिसायला नको. एकाच दिशेने ठेवून सोडू नका, कारण गोल डब्याच्या अंगावर उभी पट्टी मस्त बसते आणि पोरं तिथेच फसतात.

मग कडा, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. प्रत्येक कडेवर बोट ठेवून विचारायचं, इथे किती पृष्ठं भेटतात? बरोब्बर दोन पाहिजेत. पिंपळगावहून आलेला द्राक्षांचा बॉक्स झाकण लावून बंद केला की १२ कडा, प्रत्येकीला दोन पृष्ठं, पास. झाकण काढलं की वरच्या चार कडांना एकेकच पृष्ठ उरतं (पुठ्ठ्याची जाडी सोडून द्या), नापास. दोन बॉक्स नुसते कडेला कड लावून चिकटवले तर त्या कडेवर चार पृष्ठं येतात, तेही चालत नाही.

कड सरळ पण पाहिजे. षटकोनी पेन्सिलला टोक केलं की रंग संपतो तिथली रेघ डोळ्याजवळ धरून बघा, सहा छोट्या कमानी दिसतील. शंकू सपाट बाजूला छेदतो म्हणून त्या वाकतात. टोक न केलेली कोरी पेन्सिल मात्र चालते.

शेवटी मोजणी. शिरोबिंदू (कोपरे) वजा कडा अधिक पृष्ठं, आरपार भोक नसेल तर उत्तर २ यायला हवं, हे गणितज्ञ ऑयलरने १७५० साली पत्रात कळवलेलं सूत्र. बॉक्सचं ८ − १२ + ६ = २, कोऱ्या पेन्सिलचं १२ − १८ + ८ = २. तिरक्या जोडाची लाकडी फोटोफ्रेम मोजली, जोडाच्या रेघाही कडा धरून, तर १६ − ३२ + १६ = ० येतं, कारण मधे आरपार भोक आहे, तरी ती पॉलिहेड्रॉनच. आणि द्राक्षं कोंबून फुगलेला बॉक्स मोजला तरी २ च येतो, म्हणून आधी पट्टी फिरवा, मोजायचं नंतर.