मॉडेल रेल्वेच्या वायरिंगमध्ये रंगांचा घोळ : या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातील ज्या हौशी माणसाला घरातल्या फळीवर रेल्वे उभारायची असते, त्याला कुर्डुवाडीचा मोह आवरणे कठीण जाते. ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गाशेजारी बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटर गेजची (म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची) छोटी गाडी उभी, असे दृश्य तिथे एके काळी खरोखरच दिसत असे, आणि १:८७ या प्रमाणात ते अंतर ८.८ मिलिमीटरच्या आसपास येत असल्याने बाजारातला ९ मिलिमीटरचा तयार रूळ तिच्यासाठी चालून जातो. मात्र दोन गेज म्हणजे फळीखाली रुळांच्या दोन स्वतंत्र वायरजोड्या, शिवाय सांधे बदलणाऱ्या मोटरी आणि स्थानकातले दिवे. रंगांचा नियम आधी ठरवला नसेल, तर या गुंत्यातला एक दोष शोधण्यात रविवार जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक रंग निवडण्यात होत नाही, तर तो रंग कोणत्या रुळाचा हे ठरवण्यात होते. ‘उजवा रूळ लाल, डावा काळा’ हा नियम कागदावर ठीक दिसतो, पण फळीखाली उताणे झोपून काम करताना उजवे-डावे उलटते. म्हणून अनेक जण ‘आपल्याकडचा रूळ लाल’ असे ठरवतात. एका सरळ मार्गापुरते ते चालते. बंद वर्तुळाकार मार्गात मात्र पुढच्या सरळ भागात आपल्याकडे असलेला रूळ बाहेरचा असतो आणि मागच्या सरळ भागात आपल्याकडे असलेला रूळ आतला असतो. साहजिकच मागच्या बाजूची पहिली फीडर वायर (मुख्य वायरीपासून रुळापर्यंत जाणारी छोटी वायर) जोडताच शॉर्ट होतो आणि दोष कंट्रोलरला दिला जातो. अशा मार्गासाठी ‘बाहेरचा रूळ लाल, आतला काळा’ एवढा एकच नियम धरावा.

पडताळणीचा सोपा मार्ग असा की, एका जुन्या वाघिणीच्या (मालडब्याच्या) एका कडेला लाल रंगाचा पट्टा ओढून ती हाताने संपूर्ण मार्गावर फिरवावी. पट्टा ज्या रुळावर असेल, त्या रुळाला सगळीकडे लाल वायरच आली पाहिजे. ती वाघीण न उचलता, केवळ रुळांवरून ढकलत, त्याच ठिकाणी पट्टा विरुद्ध बाजूला येईल अशी परत आणता आली, तर तिथे उलट फिरणारा लूप किंवा त्रिकोण आहे असे समजावे. तो दोष रंग बदलून जात नाही. त्या भागाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना इन्सुलेटेड जोडाने तोडून त्याला वेगळा पुरवठा द्यावा लागतो, आणि डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे रुळांतून इंजिनाला डिजिटल आज्ञा देणारी पद्धत) असेल तर ध्रुवता आपोआप उलटवणारा ऑटो-रिव्हर्सर बसवावा लागतो.

सर्व फीडर एकदम डाग देऊन मगच वीज सोडण्याची घाईही टाळावी. कंट्रोलर सोडवून आणि रुळांवरची इंजिने व दिव्यांचे डबे उचलून, प्रत्येक जोडणीनंतर लाल व काळ्या बस वायरींमध्ये (फळीखालून सगळीकडे जाणाऱ्या मुख्य वायरींमध्ये) मल्टीमीटरचा बझर लावून पाहावा; तो वाजला तर शॉर्ट आहे. शॉर्ट आधीच झाला असेल, तर बस मध्यावर तोडून, दोन्ही अर्धे रुळांमधूनही जोडलेले राहणार नाहीत हे पाहून, कोणत्या अर्ध्यात बझर वाजतो ते पाहावे आणि तो अर्धा भाग पुन्हा निम्मा करत जावे.

गाडी दूरच्या टोकाला मंदावते, हा मात्र रंगाचा नव्हे तर जाडीचा दोष आहे. दहा मीटर अंतरावर जाऊन-येऊन वीस मीटर तांबे लागते, ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत २ अँपिअरला सुमारे दीड व्होल्ट गळतो, तर १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत अर्ध्या व्होल्टच्या जवळपास. तेव्हा बस जाड आणि फीडर बारीक पण आखूड असावेत. दोघांचा रंग एकच ठेवावा.

ब्रॉडगेजला लाल-काळा दिल्यावर नॅरोगेजलाही तीच जोडी देणे ही दुसरी मोठी चूक होय. दुसऱ्या गेजला पिवळा-निळा द्यावा आणि सांध्यांच्या कॉइल मोटरींसाठी तिसराच संच ठेवावा, कारण त्या मोटरींना एक सामाईक आणि दोन दिशांच्या दोन अशा तीन वायरी लागतात. हिरवा रंग आपल्याकडे घरगुती वायरिंगमध्ये अर्थिंगचा असल्याने तो मी रुळांना देत नाही. आणि २३० व्होल्टची वायर, तिचा रंग कोणताही असो, फळीखाली नेऊच नये. अडॅप्टर भिंतीच्या प्लगमध्येच राहू द्यावा.

डीसीसी डिकोडरच्या (इंजिनात बसणाऱ्या, आज्ञा उलगडणाऱ्या छोट्या सर्किटच्या) वायरींना मात्र आपला नियम लागू होत नाही. तिथे अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचे रंग चालतात : लाल व काळी रुळांकडून येतात, नारिंगी व करडी मोटरला जातात, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची आणि निळी सर्व दिव्यांची सामाईक धन वायर असते. नारिंगी किंवा करड्या वायरीला रुळांची वीज लागली, तर डिकोडर जळू शकतो. जुन्या डीसी इंजिनांत मोटरचे एक टोक अनेकदा सांगाड्याला जोडलेले असते, डिकोडर बसवण्याआधी ते वेगळे करून मोटर आणि चाके यांच्यात बझर वाजत नाही याची खात्री करावी.

काम निम्म्यावर असताना ठरलेला रंग दुकानात संपला, तर हाताला लागेल ती वायर लावण्यापेक्षा दुसऱ्या रंगाच्या वायरीच्या दोन्ही टोकांना मूळ रंगाची खूण करावी आणि तशी नोंद आराखड्यात करावी. पिवळसर दिव्याखाली तपकिरी आणि लाल, तसेच करडा आणि पांढरा चटकन ओळखू येत नाहीत, म्हणून या जोड्या शेजारी येऊ देऊ नयेत. खुणेसाठी चिकटपट्टी वापरल्यास एप्रिल-मेमध्ये, जेव्हा सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तिचा गोंद सुटून ती लोंबू लागते. हीट-श्रिंक स्लीव्ह टिकते, पण ती डाग देण्याआधीच वायरीत ओवून ठेवावी लागते.