आवाज उशिरा येतोय? नेटवर्कला दोष देण्याआधी मिलिसेकंद मोजा

गोदाघाटावरच्या कार्यक्रमात स्टेजपासून 34 मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत आवाज हवेतून पोचायलाच साधारण 100 मिलिसेकंद लागतात. त्याची काही तक्रार नसते. कानात इन-इअर (स्वतःचा आवाज ऐकवणारा छोटा इअरफोन) लावलेल्या गायकाला मात्र 10 मिलिसेकंदही खटकतात, कारण स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतून आधीच ऐकू आलेला असतो. म्हणून पहिलं ठरवा: उशीर कोणाच्या कानाला होतोय?

मग माइकपासून त्या कानापर्यंतचा रस्ता कागदावर मांडा. स्टेजबॉक्स (स्टेजवरचे माइक जोडायची पेटी), नेटवर्क, मिक्सर, पुन्हा नेटवर्क, इन-इअर. डान्टेमध्ये (नेटवर्कच्या केबलवरून आवाज पाठवायची पद्धत) नेटवर्कची लेटन्सी, म्हणजे उशीर, मुळात 1 मिलिसेकंदावर ठेवलेली असते. दोन फेऱ्यांचे झाले 2. एवढ्या वेळात आवाज हवेतून पाऊण मीटरही जात नाही!

खरा चोर बहुतेकदा लॅपटॉप असतो. बफरच्या (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तेवढे आवाजाचे तुकडे, म्हणजे सॅम्पल) आकड्याला सॅम्पल रेटने (दर सेकंदाला किती सॅम्पल) भागा: 48 किलोहर्ट्झला 256 सॅम्पल म्हणजे 5.3 मिलिसेकंद, आणि ते येताना-जाताना दोन्ही वेळा. त्यात डान्टेचं व्हर्च्युअल साऊंडकार्ड (लॅपटॉपला डान्टेशी जोडणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याचे किमान 4 वेगळे. गायकाचा आवाज लॅपटॉपमधून फिरवूच नका, सरळ मिक्सरमधून द्या. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर मोजा. एक टिचकी दोन ट्रॅकवर रेकॉर्ड करा, एक थेट आणि एक सगळा रस्ता फिरून आलेली. दोन्हींतलं अंतर झूम करून सॅम्पलमध्ये बघा. 48 किलोहर्ट्झवर 288 सॅम्पल निघाले तर 48 ने भागून 6 मिलिसेकंद.

आवाज उशिरा न येता मध्येच तुटत असेल, तर तो आजार निराळा. स्विचमधली (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) वीज वाचवणारी सोय (बॉक्सवर ‘ग्रीन इथरनेट’ लिहिलेली) बंद करा. वायफायवर डान्टेचा आवाज चालवू नका. तांब्याची केबल एका दमात 100 मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे फायबर. एवढं करूनही तुटतोय? मग लेटन्सी 1 वरून 2 करा. 0.25 वर चालवून फुशारकी मारणारे भेटतात, पण मधे स्विचची रांग असेल तर त्यांचं ऐकू नका.

एक गोष्ट हमखास राहते. डान्टेमध्ये लेटन्सी आवाज घेणाऱ्या यंत्रावर ठरते. डावा अॅम्प्लिफायर 1 वर आणि उजवा 5 वर राहिला, तर उजवी बाजू 4 मिलिसेकंद मागे पडते. दोन्ही आकडे सारखे आहेत का, हे साऊंडचेकच्या आधी बघून घ्या.