डोळ्याला ओरखडा: औषध सुरू झाल्यानंतरची घरची काळजी

सोयाबीनची मळणी उरकत आली, भातकापणीची घाई आहे आणि कारखान्यांचा गळीत हंगामही तोंडावर आहे. या दिवसांत उसाचे पाते, भाताचे कुसळ किंवा मळणी यंत्रातून उडालेले भुसकट लागून बुबुळावर ओरखडा उठतो. डॉक्टर डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात तो बघतात, औषध देतात. पुढची काळजी घरीच घ्यायची असते.

छोटा ओरखडा साधारण 24 ते 72 तासांत भरून येतो. दुसऱ्या दिवशी खुपणे कमी झाले की बाटली फळीवर ठेवून माणूस पुन्हा यंत्रापाशी उभा राहतो. असे करू नका. हरभऱ्यावर मर आणणाऱ्या फ्युजेरियम गटातल्याच बुरशी पाल्यापाचोळ्यातून डोळ्यातही शिरतात आणि सावकाश वाढतात. दुखणे थांबले तरी औषध सांगितलेल्या दिवसांपर्यंत टाकायचे आणि निदान तीन आठवडे डोळ्यावर लक्ष ठेवायचे.

औषध टाकण्याआधी हात साबणाने धुवा. फवारणीचा पंप हाताळला असेल तर दोनदा. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नका, मिनिटभर डोळा मिटून ठेवा. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या, मलम शेवटी. मलमाने थोडा वेळ अंधुक दिसते. बाहुली मोठी करणारा थेंब दिला असेल तर जवळचे नीट दिसत नाही आणि उजेड खुपतो. तोवर ट्रॅक्टर, मोटरसायकल, कोयता, कडबाकुट्टी सगळे बंद. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो.

डोळा चोळू नका. काडीकचऱ्याच्या ओरखड्यावर स्वतःहून पट्टीही बांधू नका. पट्टीखालच्या उबेत जंतू वाढतात. काळा चष्मा पुरेसा आहे. विहिरीचे, पाटाचे पाणी डोळ्यावर मारू नका, तोंड ओल्या स्वच्छ कापडाने पुसा. मध, एरंडेल, तूप, अंगावरचे दूध, कोथिंबिरीचा रस यांतले काहीही डोळ्यात नको. आंबट खाल्ल्याने डोळा चिघळतो ही भीती मात्र सोडा, लोणचे खुशाल खा.

सर्वांत घातक म्हणजे मेडिकलमधून स्वतःच आणलेला ‘लाली घालवणारा’ थेंब. त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड असू शकते. लाली जाते, आराम वाटतो आणि आत बुरशीला रान मोकळे होते. शेजाऱ्याची उरलेली बाटलीही याच कारणासाठी नको. तपासताना दवाखान्यात टाकलेला बधिर करणारा थेंब घरी मागू नका. त्याने जखम भरायला उशीर लागतो.

दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, नजर मंदावली, चिपडे किंवा पू येऊ लागला, उजेड सोसवेना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. जंतू किंवा बुरशीने चिघळलेला हा व्रण उपचाराने बरा झाला तरी डोळ्यात फूल, म्हणजे पांढरा डाग, राहू शकते आणि ते नजरेच्या मध्यावर असेल तर दिसणे कायमचे कमी होते.

घरात दुसऱ्या कुणाला आत्ताच लागले असेल तर वाट पाहू नका. नेपाळमधल्या भक्तपूर परिसरात ओरखड्यावर क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावले गेले. ज्यांचे औषध 18 तासांच्या आत सुरू झाले, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. हा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. मलम कोणते, ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

कामावर परतताना बाजूने बंद असणारा साधा प्लास्टिकचा गॉगल लावा. धुळीने तो सारखा पुसावा लागतो, वैताग येतो, तरीही लावा. काही आठवड्यांनी पहाटे डोळा उघडताना अचानक टोचल्यासारखे होऊन पाणी आले, तर जुनी जखम उकललेली असू शकते. तेव्हा घरातली जुनी बाटली न उघडता पुन्हा तपासून घ्या. उघडून महिना झालेले थेंब तसेही टाकून द्यायचे असतात.