म्युझिक प्रोड्यूसर व्हायचंय? मग या चुका टाळा

गाणं हेडफोनवर झकास वाजतं. गायक तेच गाडीत लावतो आणि दाराचे पत्रे थरथरायला लागतात, आवाज मात्र कुठेतरी मागे राहतो. मग नवा प्लगइन (आवाजावर काम करणारं जोड-सॉफ्टवेअर) विकत घेतला जातो, मास्टरिंग (तयार गाण्यावरचा शेवटचा हात) करणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात. घरच्या स्टुडिओत मराठी गाणी करून पोट भरायचं ठरवलेल्यांची कामं अडतात ती अशाच साध्या जागी.

खोलीच्या मधोमध खुर्ची

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली लहान बेडरूम साधारण दहा बाय दहाची, उंचीही त्याच्याच आसपास. म्हणजे जवळजवळ ठोकळा, आणि आवाज ऐकायला ठोकळ्यासारखा वाईट आकार नाही. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज अडकून घुमतो, त्याची दुप्पट ११२ वर येते. तिन्ही मापं सारखी असली की तिन्हींचा घोळ त्याच आकड्यांवर साचतो.

पटत नसेल तर टोन जनरेटरवर ५६ हर्ट्झचा स्वर बेताच्या आवाजात लावा आणि भिंतीपासून खोलीच्या मध्याकडे चालत या. भिंतीजवळ गुरगुर ऐकू येईल, मध्यावर ती जवळजवळ गायब होईल. खुर्ची नेमकी तिथे असली की बास कमी पडतोय असं वाटून तुम्ही तो वाढवत राहता. गाडीत तो सगळा बाहेर पडतो.

खुर्ची पुढे सरकवा. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे पावणेचार फुटांवर कान येऊ द्या. दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर हवेत. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत किमान ४ इंच जाडीचं रॉकवूल (दगडी तंतूंची आवाज शोषणारी लोकर) कापडात गुंडाळून उभं करा. एक इंची फोम वरचे आवाज शोषतो, बासला हातही लावत नाही, त्यामुळे खोली कोंदट वाटते आणि घुमणं तसंच राहतं. अंड्यांचे ट्रे अंड्यांसाठीच ठेवा.

पट्टी न विचारता ट्रॅक बांधणं

कीबोर्डवर हात बसलेला असतो म्हणून सी मेजर किंवा ए मायनरमध्ये सगळा ट्रॅक तयार होतो. डबिंगच्या दिवशी गायिका सांगते, माझी पट्टी काळी चार. मग सी मेजरमधलं सगळं चार सेमीटोन खाली किंवा आठ वर न्या. मिडी (सॉफ्टवेअर वाद्यांना दिलेल्या स्वरांच्या सूचना) सरकते, पण बासरीचं रेकॉर्डिंग सरकवलं की फुंकर नकली वाटते आणि ढोलकीचा लूप डबा वाजवल्यासारखा होतो. वाद्यांना हात लावण्याआधी नुसत्या तानपुऱ्यावर गायकाकडून मुखडा आणि अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा म्हणून घ्या. पट्टी तिथे ठरते. आणि ‘काळी चार’ म्हणजे जी शार्प, ‘पांढरी चार’ म्हणजे एफ, हे तोंडपाठ हवं. वादकाला इंग्रजी नावं सांगत बसलात तर शिफ्टमधली दहा मिनिटं तिथेच जातात.

त्याहून छुपी चूक पेटीची. प्रत्येक पेटी ४४० हर्ट्झच्या ‘ए’ला लावलेली असतेच असं नाही. ती ४४३ ला असेल तर तुमच्या सिंथपेक्षा जवळजवळ १२ सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढी वाजते. गायक पेटीला धरून गातो, ऑटोट्यून (आवाज सुरात आणणारं सॉफ्टवेअर) त्याला ४४० कडे ओढतो आणि ऐकणाऱ्याला काहीतरी खुपतं, पण बोट ठेवता येत नाही. उपाय दोन मिनिटांचा आहे. पेटीचा सा दहा सेकंद धरायला सांगा, ट्यूनरवर वाचा आणि सगळ्या सॉफ्टवेअर वाद्यांचं मास्टर ट्यूनिंग तितकंच सरकवा. ऑटोट्यूनमधला संदर्भस्वरही बदला. हे पेटी रेकॉर्ड करण्याआधी करायचं.

ऑटोट्यून बाराही स्वरांवर ठेवून रिट्यून स्पीड (सूर ओढण्याचा वेग, शून्य म्हणजे सर्वांत झटपट) शून्यावर नेलात तर मुरक्या पायऱ्या-पायऱ्यांच्या होतात आणि मींड तुटते. फक्त गाण्यातले स्वर चालू ठेवा, स्पीड ३० ते ५० च्या दरम्यान ठेवा. मींड असलेल्या ओळी मात्र हातानेच दुरुस्त करा.

ढोलकी ग्रिडवर चिकटवणं

ढोलकीवाला जे वाजवतो ते क्लिकच्या (हेडफोनमधल्या टिकटिकीच्या) किंचित मागेपुढे असतं, आणि गाणं डुलतं ते त्यामुळेच. शंभर टक्के क्वांटाइझ केलं, म्हणजे प्रत्येक थाप सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या रेघांवर (ग्रिडवर) ओढली, की लावणीची कवायत होते. सम ग्रिडवर ठेवा, बाकीचं ५० ते ६० टक्केच ओढा आणि कानाला बरं वाटलं की थांबा.

रेकॉर्डिंगची गडबड वेगळीच. पावसाळ्यातल्या दमट हवेतून वाद्य थेट एसीच्या खोलीत आलं, लगेच सुरात लावलं आणि टेक सुरू झाला. कातडं सुकत जातं, ताणलं जातं, तिसऱ्या टेकपर्यंत सूर चढलेला असतो. वाद्याला खोलीत वीस-तीस मिनिटं बसू द्या, मग लावा आणि दर टेकनंतर तपासा. दोन्ही पुड्यांना एकेक माइक लावला असेल तर एका माइकचा फेज उलटा करून दोन्ही एकत्र, मोनोमध्ये ऐका. ज्या बाजूला घुमारा भरतो ती ठेवा. लेव्हल सर्वांत जोराच्या थापेला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. चोवीस बिटमध्ये याहून वर जाण्यात काही फायदा नाही.

फाइल पाठवताना

शॉर्टफिल्म किंवा मालिकेचं काम असेल तर सेशन पहिल्या मिनिटापासून ४८ किलोहर्ट्झचं (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) हवं. ४४.१ ची फाइल समोरच्याकडे रूपांतर न होता ४८ म्हणून वाजली, तर गाणं जवळजवळ नऊ टक्के जलद आणि दीड सेमीटोन चढं ऐकू येतं. एडिटर म्हणतो गायिका चिरकतेय, गायिका तुम्हाला फोन करते.

स्टेम्स (वाद्यांच्या आणि आवाजाच्या वेगवेगळ्या फाइली) सगळे एकाच शून्यबिंदूपासून, सारख्या लांबीचे. नावं ‘ऑडिओ ०३’ अशी नकोत, ‘ढोलकी’, ‘पेटी’ अशी हवीत. सोबत टेम्पो आणि पट्टी लिहिलेली एक टेक्स्ट फाइल द्या. मास्टर जोरात दाबण्याची हौसही वाया जाते. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला उणे १४ लफ्सवर (गाणं एकूण किती जोरात वाटतं याचं माप) आणून वाजवतं, म्हणजे उणे ७ चं मास्टर ७ डेसिबल खाली जातं आणि ढोलकीची थाप चेपलेली ती चेपलेलीच राहते.

कागद

मराठी श्रेयनामावलीत तुमचं नाव बहुधा ‘संगीत संयोजन’ या ओळीत येतं. ही ओळ मानाची आहे, पण तेवढ्यावर रॉयल्टी मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा ‘प्रोड्यूसर’ म्हणजे ते करून घेण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, व्यवहारात बहुतेकदा पैसे घालणारा. बीट बनवणारा तो नव्हे. संगीताच्या बाबतीत कायदा संगीतकाराला ओळखतो. संयोजक अशी वेगळी जागा तिथे नाही. चालीतला एखादा भाग, उदाहरणार्थ गाजलेला हुक (डोक्यात राहणारा तुकडा), तुम्ही रचला असेल तर सहसंगीतकार म्हणून नाव आणि टक्का रिलीजआधी लेखी घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकारांचा रॉयल्टीतला हक्क करारात सोडून देता येत नाही, पण त्यासाठी आधी तुम्ही कागदावर संगीतकार असायला हवं. आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घेतलं तरी प्रत्येक गाणं तिथे वेगळं नोंदवावं लागतं. ते बरेच जण विसरतात.

हक्क दुसऱ्याला देताना करार लेखी आणि सहीचा हवा. मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. सही करण्याआधी या दोन जागी काय लिहिलंय ते बघा.

पैशाचं सोपं ठेवा. अर्धी रक्कम काम सुरू होण्याआधी, दोन फेऱ्यांपर्यंतचे बदल त्यात, पुढच्या प्रत्येक फेरीला वेगळी रक्कम. बदल म्हणजे काय तेही लिहा: ‘ढोलकी जरा वर’ हा बदल, ‘चाल बदलली, पट्टीही बदलू’ हे नवं काम. कराओके ट्रॅक आणि नुसता आवाज यांच्या फाइली द्यायच्या की नाही, हेही आधीच ठरवा. उरलेली अर्धी रक्कम खात्यात येईपर्यंत ऐकवण्यासाठी एमपीथ्री पाठवा, वेव्ह (पूर्ण दर्जाची फाइल) नाही.

गणपतीच्या गाण्यांत घात होतो तो तारखेचा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते रिलीजच्या किमान ७ दिवस आधी त्यांच्या यंत्रणेत पोहोचलेलं बरं आणि गाणं तिथे पोहोचवणाऱ्या वितरकाला त्याआधीचे काही दिवस लागतात. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मिक्स संपवणाऱ्याला ही वाट जवळजवळ बंद झालेली असते. मास्टर चार आठवडे आधी तयार हवं, म्हणजे ढोलकीचं रेकॉर्डिंग ऐन पावसात. एसी आधीच लावून ठेवा.